आरशातला चीजबाजार

१

चोर पकडला गेला तेव्हा मी कॉफी पीत होतो, आणि खोटं कशाला बोलू, ती कॉफी मला फार गोड लागली.

वेंडेलाबाईंच्या दिवाणखान्यात चित्रं पाहण्याची बैठक होती. आम्हा होर्नकरांची रीत ठरलेली. पाइप बाजूला ठेवायचे, हात पुसायचे आणि एकेक चित्र या हातातून त्या हातात जाऊ द्यायचं. चित्राखाली नाव नसतं. ज्याच्या हातात चित्र येईल त्यानं काहीतरी बोलल्याशिवाय ते पुढे सरकवायचं नाही. गावाला नवा नगरचित्रकार नेमायचा होता, म्हणून या वेळी खुद्द नगराध्यक्ष येऊन बसले होते. ज्याची नेमणूक होईल त्याला कालव्याकाठचं घर मिळणार होतं, आणि आमच्या वेशी, मनोरे, मिरवणुका, बाजार शाईत उतरवून ठेवायचा मान.

जुना नगरचित्रकार म्हणजे एव्हर्ट. हिवाळ्यापासून त्याचा पाय सुजलेला, त्यामुळे त्याला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. शेजारी त्याची मुलगी हिलेगोंडा आणि तिच्या पलीकडे एव्हर्टचा शिष्य लुब्बर्ट. लुब्बर्टला ते घर मिळालं की दोघांचं लग्न व्हायचं होतं. आणि मी हार्मेन. चित्र मीही दिलं होतं. हिलेगोंडाला मागणीसुद्धा मी घातली होती, लुब्बर्ट गावात यायच्या आधी. तेव्हा ती म्हणाली होती, "हार्मेन, तुझा हात पाट्यांवर फार छान चालतो." मी दुकानांच्या पाट्या रंगवतो.

माझं चित्र फिरलं. 'नीटनेटकं आहे' असं सगळे म्हणाले. मेलेल्या माणसाच्या कपड्यांबद्दल बोलतात तसं. मग दुसरं चित्र आलं, तोलघरासमोरचा चीजबाजार. तपकिरी शाई, वर पातळ करडी छटा. हमाल चीजचे गोळे वाहताहेत, शेतकरी आणि व्यापारी हातावर हात मारून सौदे करताहेत, आणि मागे तोलघराच्या नव्या ओसरीत तोलदार फळ्यावर खडूनं वजन लिहितोय. लोक पुढे वाकून बघू लागले. नाव नसलं तरी ते लुब्बर्टचं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. माझ्या पोटात दुखायला लागलं.

चित्र माझ्या हातात आलं तेव्हा मी त्यात चूक शोधत होतो, आणि ती सापडली.

"तोलदार डाव्या हातानं लिहितोय," मी म्हणालो. "चित्रकाराचा तोल गेला वाटतं."

सगळे हसले. एव्हर्ट मात्र हसला नाही. त्यानं माझ्या हातातून कागद घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. पाठीवर लिहिलं होतं, 'होर्नचा चीजबाजार, जसा डोळ्यांनी पाहिला तसा.' अक्षर एव्हर्टचं होतं.

"हे चित्र माझं आहे," तो म्हणाला. "माझ्या बस्त्यातून चोरलंय. आणि चोर माझ्या मुलीला खेटून बसलाय."

२

लुब्बर्टचा चेहरा त्याच्या गळपट्टीसारखा पांढरा पडला.

"उस्ताद, काय बोलताय तुम्ही?" तो म्हणाला. मग नगराध्यक्षांकडे वळला. "शिष्यानं चित्र बाहेर द्यायच्या आधी गुरूकडे ठेवायचं असतं, कच्च्या कागदांसकट. तसं मी ठेवलं. तेव्हा पाठ कोरी होती. परत मिळालं तेव्हा हे लिहिलेलं होतं. मला वाटलं, उस्तादांनी आशीर्वाद दिला."

"आणि तुझे कच्चे कागद?"

"ते परत मिळाले नाहीत. मी मागितलेही नाहीत."

"माझे कागद याला मी कशाला देऊ?" एव्हर्ट म्हणाला.

नगराध्यक्षांनी भुवई चढवली. "पण एव्हर्ट, ही ओसरी ईस्टरनंतर बांधलेली. तुम्ही हिवाळ्यापासून घरात. पाहिलीत कुठून?"

"खिडकीतल्या आरशातून."

आमच्याकडे घरोघरी वरच्या खिडकीबाहेर छोटा आरसा तिरका बसवलेला असतो. खुर्चीतून न उठता दारात कोण आलंय ते दिसतं आणि नको असेल त्याला 'घरी नाही' म्हणून सांगता येतं. एव्हर्टचं घर गल्लीत आहे. खिडकीसमोर नुसती भिंत, पण आरशात बघितलं की टोकाचा, तोलघरासमोरचा सगळा चौक दिसतो.

"आरशात उजव्याचं डावं होतं," एव्हर्ट सांगू लागला. "कच्ची चित्रं मी दिसली तशी उलटी काढली. पक्कं चित्र काढताना एकेक माणूस सुलटा केला. तोलदाराचा हात तेवढा सुलटा करायचा राहिला. हार्मेननं बरोबर पकडलं. अहो, ती चूकच माझी साक्ष आहे. चौकात समोर बसून काढणारा अशी चूक करेल का?"

नोकराला पाठवून त्यानं कच्चे कागद मागवले. खरोखर सगळं उलटं होतं. तोलघर उलटं, सौदे करणारे डाव्या हातांनी टाळी देणारे, तोलदारही डाव्या हातानं लिहिणारा.

"लुब्बर्ट, तू तोलदाराला डावखुरा का काढलास?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"मी पाहिलं तसं काढलं."

"मी तोलदार आउकेला दर आठवड्याला नोंद करताना पाहतो. उजव्या हातानं लिहितो तो."

आता काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. गुरूचं चित्र चोरणाऱ्याला चित्रकारांचा संघ बाहेर काढतो, आणि संघाबाहेरच्या माणसाला या गावात पेन्सिलसुद्धा कुणी विकत नाही. घर गेलं, लग्न गेलं, गावही गेलं. हिलेगोंडा बापाकडे बघत होती, मग लुब्बर्टकडे, मग नुसतीच टेबलाकडे.

आतापर्यंत गप्प असलेल्या वेंडेलाबाईंनी पायाखालचा पाट बाजूला सारला. बाई विधवा आहेत. नवऱ्यानं मागे जहाजं ठेवली, ती विकून त्यांनी चित्रं घेतली. होर्नमध्ये त्यांच्याइतकी चित्रं कुणी पाहिलेली नाहीत, आणि माणसंही.

"भानगड माझ्या टेबलावर झालीय," त्या म्हणाल्या. "बाजाराच्या दिवसापर्यंत मला वेळ द्या. आणि हा हार्मेन माझ्याबरोबर फिरेल."

"मी का, बाई?"

"कारण या चोरीत फायदा झालाय तो एकट्या तुझा."

३

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागून तोलघराकडे चाललो होतो. रस्त्यात त्या एवढंच म्हणाल्या, "जळणारा माणूस बारकाईनं बघतो, हार्मेन. म्हणून तुला घेतलाय. नाहीतर तुझ्या सोबतीची मला हौस नाही."

बाजार नव्हता, तोलघर रिकामं होतं. तोलदार आउके टेबलाशी बसून जुन्या नोंदी उतरवत होता. वसंतात फ्रीसलंडहून आलेला, ऐसपैस माणूस. अक्षर काढत होता ते जपून, उजव्या हातानं, जीभ दातांत धरून.

"सावकाश लिहिता हो," बाई म्हणाल्या.

"वजनाचं काम, बाईसाहेब. एक आकडा चुकला की शेतकरी आईबहीण काढतो."

"शाळेत कुठं शिकलात?"

"आमच्या गावात. मास्तर कडक होते. अजून बोटं दुखतात आठवलं की."

"लुब्बर्टनं तुम्हाला डाव्या हातानं लिहिताना काढलंय."

आउकेचे कान लाल झाले. "मी या हातानं लिहितो. बघताय ना तुम्ही." त्यानं लेखणी उचलून दाखवली आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

मला मनातून आनंद झाला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "झालं की. लुब्बर्ट खोटं बोलला."

"आउकेच्या बाह्या पाहिल्यास?"

"पाहिल्या. उजवीवर शाईचा डाग. डावी खडूनं माखलेली."

"शाबास," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. शाबासकी कशाची ते मला कळलं नाही. तरी ती मला आवडली, हेही सांगून टाकतो.

मग आम्ही एव्हर्टकडे गेलो. तो आत झोपला होता. हिलेगोंडानं आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, ताकातली लापशी पुढ्यात ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून भांडी घासायला लागली.

"मला काही विचारू नका, काकू," ती म्हणाली. "एक बाप आहे. एक नवरा होणार होता. कुठलीही बाजू घेतली तरी माझंच घर बसणार."

"बाजू नको घेऊस. शेगडीचं सांग. मघाशी वर डोकावले तेव्हा बाबांच्या कामाच्या खोलीत राखेचा ढीग दिसला मला. या उन्हात शेगडी कशाला पेटवली?"

तिचा हात थांबला. "लुब्बर्टचं चित्र घरात होतं तेव्हा पेटवली होती. बाबा म्हणाले, थंडी वाजतेय."

"आणि बाजाराच्या दिवशी ते आरशासमोर बसतात?"

ती बराच वेळ एकच ताट घासत राहिली. "बाजाराच्या दिवशी बाबांना उजेड सहन होत नाही," ती शेवटी म्हणाली. "पडदा ओढून घेतात."

"दुसऱ्या दिवशी होतो सहन?"

"दुसऱ्या दिवशी चौकात लुब्बर्ट नसतो ना."

मी लापशीत बघत राहिलो. लुब्बर्ट स्टूल टाकून चौकात बसला की त्याच्याभोवती कशी गर्दी जमते ते मला माहीत होतं. मासेवाल्या बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या राहतात. मी माझ्या दुकानाच्या फळ्या लावून घेतो तेव्हा.

"बाई, हिनं हे नगराध्यक्षांपुढे सांगितलं की सुटलाच तो," मी गल्लीत आल्यावर म्हणालो.

"ती सांगणार नाही. आणि बापाविरुद्ध मुलीला बोलायला लावणारी मी नाही." त्या थांबल्या. "तू बोलशील. उद्या."

"मी? मी काय पाहिलंय?"

"अजून काहीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणूनच."

४

बाजाराच्या दिवशी सकाळी एव्हर्टच्या कामाच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे होतो. नगराध्यक्ष, लुब्बर्ट, दाराशी हिलेगोंडा. एव्हर्ट खुर्चीत, मांडीवर घोंगडी. पडदा ओढलेला होता. खालून चौकातला गलका ऐकू येत होता.

"एव्हर्ट, तुमची खुर्ची थोडी बाजूला घेते," वेंडेलाबाई म्हणाल्या. "तुम्ही बसायचात तिथं हार्मेनला बसवायचंय."

"त्याला कशाला?"

"कारण लुब्बर्टचं भलं व्हावं असं याला मुळीच वाटत नाही. याच्या साक्षीवर कुणी शंका घेणार नाही."

लोक हसले असते, पण हसायची वेळ नव्हती. बाईंनी पडदा सारला. मी स्टुलावर बसलो आणि खिडकीबाहेरच्या आरशात पाहिलं. सगळा चौक त्यात मावला होता.

"दिसेल ते सांग. जसं दिसतं तसं. डोकं चालवू नकोस."

"हमाल चीज घेऊन चाललेत. तोलघर उलट्या अंगाला दिसतंय. शेतकरी सौदा करतोय, डाव्या हातावर डावा हात मारतोय. पलीकडे एक बाई मुलाला डाव्या हातानं धपाटा घालतेय."

"आरशातला बाजार डावखुराच असतो. पुढे."

"ओसरीत गर्दी आहे. तराजू वरखाली होतोय. आउके फळ्याशी उभा राहून वजन लिहितोय."

"कुठल्या हातानं?"

"उजव्या," मी म्हणालो.

मी मागे वळून पाहिलं तर बाई माझ्याकडे बघत होत्या, शाळेत मास्तर थांबतात तशा.

"सगळे डावखुरे दिसतात," त्या म्हणाल्या, "मग हा एकटा उजवा कसा?"

उत्तर मला कळलं होतं, आणि ते लुब्बर्टच्या बाजूचं होतं. गप्प बसावं असं क्षणभर वाटलं. पण उत्तर त्यांना ठाऊकच होतं. त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं.

"कारण आउके खरा डावखुरा आहे," मी म्हणालो. "आरशात तो उजवा दिसतो."

नगराध्यक्ष मला ढकलूनच आरशाशी आले. "पण नोंद तर उजव्या हातानं करतो."

"शाळेत बोटांवर छड्या खाऊन शिकलाय," बाई म्हणाल्या. "टेबलाशी, साहेबांसमोर, सावकाश, उजव्या हातानं. विचारलं तर लाजतो आणि तेच सांगतो. पण बाजाराच्या गर्दीत खडू घेतला की जन्माचा हात पुढे येतो. म्हणून डावी बाही खडूनं माखलेली. हार्मेननं ती पाहिली, पण तिचं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. चौकात पाहिलंत तर आउके डाव्या हातानं लिहिताना दिसेल, लुब्बर्टच्या चित्रात आहे तसा. आरशात पाहिलंत तर उजव्या हातानं. एव्हर्ट, तुमच्या कच्च्या चित्रात तो कुठल्या हातानं लिहितोय?"

सगळे टेबलाकडे वळले. कागद टेबलावरच होता. डाव्या.

"म्हणजे हे कागद या आरशात बघून काढलेले नाहीत. लुब्बर्टचं चित्र समोर ठेवून, एकेक माणूस उलटा करून काढलेत. त्याचे स्वतःचे कच्चे कागद या शेगडीत गेले. तोलदाराशी आल्यावर तुम्ही थांबलात. तुम्हाला वाटलं, पोराचा हात इथं चुकलाय. तोलदार उजव्याच हाताचा असणार, मग आरशात तो डावा दिसायला हवा. तसा तुम्ही काढलात. आणि ती चूक तुम्हाला इतकी आवडली की तिच्यावरच सगळा डाव उभा केलात."

५

एव्हर्टनं घोंगडीची कड बोटांत धरली होती. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. या हातांनी काढलेली वेस, मनोरा, बंदर मी लहानपणी पाट्यांवर गिरवून शिकलो होतो.

"सगळे त्याचंच विचारायचे," तो म्हणाला. आवाज शांत होता. "मला भेटायला यायचे, माझी कॉफी प्यायचे, आणि विचारायचे, लुब्बर्टचं नवीन काय? मग त्यानं ते चित्र आणलं. मी दिवसभर समोर ठेवून बसलो. एक तरी रेघ चुकलेली असेल म्हणून भिंग घेऊन शोधलं. तोलदाराचा हात सापडला." तो हिलेगोंडाकडे वळला. "त्या संध्याकाळी मी दोनदा वाटाण्याचं सूप मागून घेतलं, आठवतं? कितीतरी महिन्यांनी भूक लागली होती मला."

हिलेगोंडा रडत होती, पण दारातून आत आली नाही.

"ती चूक नव्हती," एव्हर्ट म्हणाला. आम्हाला नाही, स्वतःलाच.

नगराध्यक्ष खाकरले. संघ, शिक्षा, पेन्शन असं काही बोलू लागले. लुब्बर्टनं त्यांना थांबवलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात धार आली होती.

"मला काही नको. चित्रावर माझं नाव हवं, बस्स."

वेंडेलाबाईंनी चित्र पालथं केलं आणि एव्हर्टचं वाक्य खोडायला लेखणी शाईत बुडवली. लुब्बर्टनं त्यांचा हात धरला.

"ते राहू द्या, बाई. वाक्य खरं आहे." आणि 'जसा डोळ्यांनी पाहिला तसा' याच्या खाली त्यानं स्वतःचं नाव लिहिलं.

मग तो कुणाकडे न बघता जिना उतरून गेला. हिलेगोंडा त्याच्या मागे गेली. पण जिन्यावरून परत वर आली, बापाची घसरलेली घोंगडी नीट केली आणि मग गेली. नगराध्यक्ष गेले. वेंडेलाबाईंनी जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं. "खरं बोललास, हार्मेन. फार त्रास झाला का?"

"झाला," मी म्हणालो.

मीही निघणार होतो. पडदा ओढून द्यावा म्हणून मी हात पुढे केला.

"राहू दे," एव्हर्ट म्हणाला. "माझी खुर्ची सरकव इकडे. हार्मेन, तुलाही ती चूकच वाटली होती ना?"

"वाटली होती."

"मग बस जरा."

मी खुर्ची सरकवली आणि त्याच्या शेजारी स्टुलावर बसलो. आरशात आउके उजव्या हातानं वजन लिहीत होता. एव्हर्ट त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिला. थोड्या वेळानं चौकात स्टूल टाकून लुब्बर्ट बसला. मांडीवर फळी, तिच्यावर नवा कागद. मासेवाल्या बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. तो काढू लागला, आणि आरशात तो अर्थातच डाव्या हातानं काढत होता.

"डाव्या हातानंही बरं काढतो आपल्यापेक्षा," एव्हर्ट म्हणाला.

मी स्टूल थोडं पुढे ओढलं, नीट दिसावं म्हणून.